लाईमचा चट्टा दिसल्यापासून गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत: काय करायचं, काय टाळायचं

माझ्या गुडघ्याच्या मागे चट्टा आला तेव्हा मी पाच दिवस त्याला गजकर्ण समजून मलम लावत होते. खाज नव्हती, दुखतही नव्हतं, त्यामुळे डॉक्टरकडे जायचं सुचलंच नाही. पाचव्या दिवशी ताप आला, मान आखडली, अंग इतकं ठणकायला लागलं की जिना चढवेना, तेव्हा नवऱ्याने मागून फोटो काढून दाखवला तर नखाएवढा डाग तळहाताएवढा झालेला.

तो लाईम निघाला, म्हणजे गोचीड चावल्याने अंगात जाणाऱ्या जंतूचा आजार. लवकर सापडला म्हणून नुसत्या गोळ्यांवर बरी झाले, पण त्या दिवसांत गोळी कशी घ्यायची, ब्लड टेस्ट करायची का, थकवा जात का नाही, यावर मी इतकं उलटसुलट वाचलं आणि ऐकलं की आजारापेक्षा त्यानेच जास्त दमले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. शिकायला किंवा नोकरीला नव्याने अशा भागात गेला असाल जिथे हा आजार आहे, म्हणजे अमेरिकेचा ईशान्य भाग आणि वरचा मिडवेस्ट, कॅनडाचा दक्षिणेकडचा भाग, युरोपातले बरेचसे देश, तर हे वाचून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सुरुवातीच्या लाईममध्ये अंगावरचा चट्टा हाच तुमचा रिपोर्ट असतो. टिपिकल चट्टा आणि गोचिडीच्या भागातलं राहणं-फिरणं एवढ्यावर डॉक्टर औषध सुरू करू शकतात, आणि करायला हवं.

मी डॉक्टर नाही. खाली डोसचे आकडे दिलेत ते तुम्हाला प्रिस्क्रिप्शन वाचताना कळावं म्हणून, स्वतःच्या मनाने गोळ्या घ्यायला नाही.

हाताशी काय ठेवायचं

- बारीक टोकाचा चिमटा (भुवया कोरायचा चपटा चिमटा नाही, टोकदार हवा)
- झाकणाची छोटी डबी किंवा झिपची पिशवी
- बॉलपेन, मोजपट्टी, फोनचा कॅमेरा
- थर्मामीटर
- पॅरासिटामॉल
- सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी
- एक वही, किंवा फोनमधली नोट

वहीला हसू नका. या आजाराची ओळखच एका बाईच्या नोंदींतून सुरू झाली. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाईम नावाचं गाव आहे, तिथल्या पॉली मरे यांनी घरातल्यांची आणि आजूबाजूच्या मुलांची दुखणी लिहून ठेवली होती आणि १९७५ मध्ये त्या आरोग्य खात्याच्या मागे लागल्या की इतक्या मुलांचे सांधे एकदम कसे सुजतात. त्यातून तपास सुरू झाला आणि पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात तो स्प्रिंगसारखा पिळदार जंतू दिसला, म्हणून त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. तर तारखा लिहा. डॉक्टरला तारखाच लागतात.

१. गोचीड अजून चिकटलेली असेल तर

आपल्या डोक्यात गोचीड म्हणजे गुराढोरांच्या नाहीतर कुत्र्याच्या अंगावरची टपोरी, फुगलेली. लाईम पसरवणारी गोचीड तशी दिसेलच असं नाही. तिची पिल्लावस्था, जी माणसांना सगळ्यात जास्त लाईम देते, ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, २ मिलिमीटरपेक्षा लहान. तीळ समजून सोडून देण्यासारखी. चावते तेव्हा दुखत नाही, म्हणून बऱ्याच जणांना चावल्याचं आठवतच नाही. मलाही आठवत नाही.

सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ, तोंडापाशी धरा आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढा. हिसका नको, पिळणं नको. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसला तर उकरत बसू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. मग जागा साबणाने किंवा अल्कोहोलने धुवा, हातही धुवा.

व्हॅसलीन फासणं, नेलपॉलिश लावणं, काडेपेटीची काडी टेकवणं यातलं काहीही करू नका. "गुदमरून सुटेल" म्हणून लोक वाट बघत बसतात, आणि इथे वेळच महत्त्वाची आहे, कारण अमेरिकेतल्या गोचिडीबद्दल बोलायचं तर जंतू अंगात जायला साधारण २४ तासांपेक्षा जास्त चिकटून राहावं लागतं. लगेच काढली तर धोका फार कमी.

काढलेली गोचीड डबीत ठेवा, फोटो काढा, तारीख लिहा. कोणत्या जातीची आहे आणि किती फुगलीय हे डॉक्टरला त्यावरून कळतं. गोचीडच लॅबला पाठवून तपासून घ्यायच्या जाहिराती दिसतील, त्या रिपोर्टवर उपचार ठरवत नाहीत. गोचिडीत जंतू सापडला म्हणजे तो तुमच्यात गेला असं नाही, आणि तिच्यात नाही सापडला तरी दुसरी एखादी चावून गेलेली असू शकते.

अमेरिकेत आणखी एक सोय आहे. लाईम पसरवणाऱ्या जातीची गोचीड, लाईमच्या भागात, ३६ तास किंवा जास्त चिकटलेली, आणि काढून ७२ तास झाले नसतील, तर डॉक्टर मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन (लाईमवरचं अँटिबायोटिक, पुढे नुसतं डॉक्सी) २०० मिलिग्रॅमचा एकच डोस प्रतिबंध म्हणून देऊ शकतात. सगळ्या देशांत ही पद्धत नाही, काही ठिकाणी नुसतं लक्ष ठेवा म्हणतात. आणि हा एक डोस म्हणजे उपचार नव्हे. चट्टा उठल्यावर एका डोसने भागत नाही.

२. चट्टा ओळखा आणि मोजा

इथे जरा वेळ घालवते, कारण माझी चूक इथेच झाली.

चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवड्याभरात, चावल्या जागी चट्टा येतो. लाईम झालेल्यांपैकी साधारण ७० ते ८० टक्के लोकांना तो येतो. त्याची खरी खूण रंग नाही, आकारही नाही, खूण म्हणजे तो वाढतो. दिवसागणिक पसरत ५ सेंटिमीटरच्या वर जातो, काही वेळा ३० सेंटिमीटरपर्यंतही. हाताला थोडा गरम लागू शकतो, खाज आणि दुखणं सहसा नसतं किंवा अगदी कमी.

सगळीकडे जो फोटो दाखवतात, मध्ये लाल, मग पांढरी कडी, बाहेर परत लाल, निशाण्याच्या पाटीसारखा, तो तसाच येईल या भरवशावर राहू नका. बरेचदा चट्टा नुसता एकसारखा असतो, कडी वगैरे काही नाही. शिवाय ते फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. सावळ्या, गव्हाळ कातडीवर लाल रंग लाल दिसतच नाही. माझा चट्टा जांभळट तपकिरी होता, मार लागून काळंनिळं पडल्यासारखा, म्हणूनच तो लाईमचा असेल असं डोक्यात आलं नाही. उजेडात, तिरक्या प्रकाशात बघा, आणि घरच्यांना पाठ, मांड्यांची मागची बाजू, काखा बघायला सांगा. लाजू नका.

चट्ट्याच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी परत. रेघेच्या बाहेर गेला तर लगेच डॉक्टरकडे. एव्हाना ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी, प्रचंड थकवा असं काही असेल तर रेघेचा खेळ करूच नका, सरळ जा.

दोन गोष्टींशी गल्लत होते. चावल्यानंतर एकदोन दिवसांतच आलेला छोटा, खाजणारा, ५ सेंटिमीटरपेक्षा लहान लालसरपणा ही बहुतेकदा चाव्याची नुसती रिअ‍ॅक्शन असते, ती एकदोन दिवसांत उतरते. आणि दुसरं गजकर्ण. गजकर्णाची कड खवलेदार, कोरडी, खाजरी असते आणि ते हळूहळू वाढतं. लाईमचा चट्टा बहुतेकदा गुळगुळीत असतो आणि भराभर वाढतो. घरात पडलेलं मलम लावून चट्ट्याचं रूप बदलवू नका. मी पाच दिवस लावलं, आणि त्या मलमाचा काही उपयोग होणारच नव्हता.

३. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

- चट्ट्याचे तारीखवार फोटो
- गोचीड सापडली असेल तर ती, किंवा तिचा फोटो
- गेल्या महिन्याभरात कुठे कुठे गवतात, झाडीत, पायवाटांवर फिरलात त्याची यादी
- ताप कधी किती आला
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिनसकट
- कशाची अ‍ॅलर्जी आहे, विशेषतः पेनिसिलिनची
- विमा कार्ड, ओळखपत्र

गरोदर असाल, दिवस गेले असण्याची शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगा, औषध त्यावर बदलतं. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर सांगा, डॉक्सीबरोबर तिचा परिणाम वाढू शकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेत असाल तर तेही सांगा, डॉक्सीबरोबर ते चालत नाही.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर नुसतं "रॅश आहे" म्हणू नका, "वाढत जाणारा चट्टा आहे, गोचीड चावल्याची शक्यता आहे, ताप आहे" असं म्हणा. मी नुसतं रॅश म्हटलं तर मला पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली होती, परत फोन करून नीट सांगितलं तर त्याच दिवशी बोलावलं.

४. ब्लड टेस्टवर अडून बसू नका

लाईमची नेहमीची रक्ताची तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध आपल्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या बनायला काही आठवडे लागतात. चट्टा नुकताच आलाय आणि टेस्ट केली तर ती निगेटिव्ह येण्याची चांगलीच शक्यता असते, आजार असूनही. म्हणून टिपिकल चट्टा दिसत असेल तर टेस्टविनाच उपचार सुरू करणं हीच मान्य पद्धत आहे, यात डॉक्टरने हलगर्जीपणा केला असं काही नाही. मला आधी तसंच वाटलं होतं, "न तपासता गोळ्या कशा देतात", आणि मी टेस्टसाठी हट्ट धरला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं म्हणून बरं.

उलट बाजूने, कोणी "टेस्ट निगेटिव्ह आहे, काही नाही" म्हणून परत पाठवलं आणि चट्टा वाढतोच आहे, तर फोटो घेऊन परत जा किंवा दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. चट्टा नाही, नुसता ताप आणि अंगदुखी आहे, किंवा चट्टा संशयास्पद आहे, अशा वेळी मात्र टेस्टला अर्थ आहे, आणि पहिली निगेटिव्ह आली तर दोनतीन आठवड्यांनी परत करायला सांगतात.

बरं झाल्यावर "गेला का" बघायला टेस्ट करू नका. अँटिबॉडी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल आणि उगाच झोप उडेल.

५. कोणतं औषध, किती दिवस

मोठ्या माणसांना साधारण या तिघांपैकी एक मिळतं:

- डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून २ वेळा
- अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा
- सेफुरोक्झिम ५०० मिलिग्रॅम, दिवसातून २ वेळा

अमेरिकेत डॉक्सी १० ते १४ दिवस आणि बाकीची दोन्ही १४ दिवस देतात. ब्रिटनमध्ये डॉक्सी किंवा अमॉक्सिसिलिन २१ दिवस देतात आणि तिथे अमॉक्सिसिलिनचा डोसही मोठा, १ ग्रॅम ३ वेळा. हा फरक मुद्दाम लिहिला, कारण एका देशातली मैत्रीण म्हणते "मला तर २१ दिवस दिल्या", दुसऱ्या देशातला भाऊ म्हणतो "१० दिवसांत काय होतंय", आणि माणूस घाबरून स्वतःच दिवस वाढवतो. दोन्हीकडच्या तज्ज्ञांचे नियम वेगळे आहेत एवढंच. तुमच्या प्रिस्क्रिप्शनवर जे आहे ते पूर्ण करा, ना कमी ना जास्त.

या तिन्ही चालत नसतील तर अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, पण ते दुसऱ्या नंबरचं, म्हणून ते घेणाऱ्यावर जरा जास्त लक्ष ठेवतात. गरोदरपणात बहुतेकदा अमॉक्सिसिलिन. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. डॉक्सीने लहान मुलांचे दात पिवळे होतात म्हणून ८ वर्षांखाली ती टाळायचे, आता अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ २१ दिवसांपर्यंतच्या छोट्या कोर्सला हरकत घेत नाहीत, काही देशांत मात्र लहानग्यांना अजूनही अमॉक्सिसिलिनच. डॉक्टरला विचारा, भांडू नका.

सुरुवातीच्या चट्ट्यासाठी सलाईनमधून अँटिबायोटिक लागत नाही. तोंडाच्या गोळ्या पुरतात.

६. डॉक्सी घ्यायची कशी

हा भाग प्रिंट करून फ्रिजवर लावा म्हटलं तरी चालेल.

पाणी आणि बसणं. गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, घोटभर नाही, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नका. मी तिसऱ्या रात्री झोपता झोपता एका घोटाबरोबर गिळली आणि लगेच पडले, पहाटे छातीत असं जळायला लागलं की हार्टचं काही आहे असं वाटून घरातले सगळे उठले. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली तर आतून भाजल्यासारखी जखम होते. पुढचे चार दिवस मला घास गिळताना दुखत होतं. त्यामुळे रात्रीची गोळी जेवणासोबत, झोपायच्या निदान तासभर आधी.

दूध, कॅल्शियम, लोह. दूध, दही, चीज, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, झिंक, मॅग्नेशियम, अ‍ॅसिडिटीची पांढरी औषधं हे सगळं डॉक्सीला पोटातच धरून ठेवतं आणि मग ती रक्तात नीट जात नाही. दोन्हींत २ ते ३ तासांचं अंतर ठेवा, लोहाला शक्य तेवढं जास्तच. बायकांनी हे खास लक्षात घ्यायचं कारण आपल्यातल्या कितीतरी जणींना कॅल्शियम आणि लोह रोजचं असतं आणि सवयीने सगळ्या गोळ्या एका मुठीत घेतल्या जातात. दहा दिवस कॅल्शियम बंद ठेवू का असं डॉक्टरला विचारलंत तर सगळ्यात सोपं.

मळमळ. रिकाम्या पोटी घेतली की बऱ्याच जणांना मळमळतं. काहीतरी खाऊन घ्या, फक्त ते दुधाचं नको. गोळी घेऊन लगेच उलटी झाली तर परत घ्यायची का ते फार्मासिस्टला विचारा. रोजच उलटी होत असेल तर सहन करत बसू नका, औषध बदलता येतं.

ऊन. डॉक्सीवर असताना कातडी उन्हाला हळवी होते, सावळी कातडी आहे म्हणून आपल्याला काही होत नाही हा गैरसमज सोडा. सनस्क्रीन, पूर्ण बाह्या, टोपी, आणि दुपारचं बाहेर भटकणं बंद.

विसरलात तर. आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. फोनमध्ये दोन अलार्म लावा.

जुन्या गोळ्या. मुदत संपलेली डॉक्सी घरात असेल तर ती वापरू नका. या कुळातल्या शिळ्या गोळ्यांनी किडनीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

अमॉक्सिसिलिन किंवा सेफुरोक्झिम मिळालं असेल तर दूध आणि उन्हाची ही कटकट नाही, पण अंगावर पित्तासारख्या गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं यावर लक्ष ठेवा, ती अ‍ॅलर्जी असते आणि तातडीने दवाखाना गाठायचा. कुठल्याही अँटिबायोटिकवर जोरदार जुलाब सुरू झाले, रक्त पडलं किंवा कोर्स संपल्यावरही जुलाब थांबेनात तर जुलाब बंद करायची गोळी स्वतःहून घेऊ नका, आधी डॉक्टर. बायकांना खाली खाज, पांढरं जाणं असं यीस्टचं इन्फेक्शन होऊ शकतं, त्यावर साधा उपाय असतो, लाजून गोळ्या बंद करू नका.

७. पहिल्या २४ तासांत जास्त बिघडलं तर

पहिली गोळी घेतल्यावर काही तासांत काही जणांना ताप चढतो, थंडी वाजते, अंग जास्त दुखतं, चट्टा जास्त उठून दिसतो. जंतू एकदम मरायला लागल्यावर शरीर असं वागतं. जारिश-हर्क्सहायमर रिअ‍ॅक्शन म्हणतात त्याला. साधारण दिवसभरात उतरते. ही औषधाची अ‍ॅलर्जी नाही आणि औषध चुकलं असंही नाही. पॅरासिटामॉल, पाणी, पांघरूण, आणि गोळी चालू. मला संध्याकाळी कुडकुडायला लागलं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

अंगावर गांधी, घसा आवळणं, धाप असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट, वर लिहिलंय तसं लगेच धावा.

आणि हे सगळं पहिल्या दिवसापुरतं. गोळ्या सुरू होऊन दोन दिवस उलटले तरी चांगला ताप येतच असेल तर डॉक्टरला कळवा. एकच गोचीड अ‍ॅनाप्लाझ्मा किंवा बबेसिया असे दुसरे जंतूही सोबत देऊ शकते. बबेसिया डॉक्सीने जात नाही, अ‍ॅनाप्लाझ्मा अमॉक्सिसिलिनने जात नाही. त्यासाठी रक्त तपासतात.

८. घरची काळजी

यात फार काही सांगण्यासारखं नाही. पॅरासिटामॉल पाकिटावरच्या मर्यादेत, आणि सर्दीच्या गोळीतही बरेचदा पॅरासिटामॉल असतं ते धरून मोजा. रिकाम्या पोटी आयब्युप्रोफेन आणि डॉक्सी एकत्र घेतलं तर पोटाची वाट लागते. पाणी भरपूर. चट्ट्यावर काही लावायची गरज नाही, तो आतून बरा होतो. व्यायाम थांबवा आणि नंतर हळूहळू सुरू करा, झोप येईल तेव्हा झोपा. ऑफिसला सुट्टी सांगताना संकोच करू नका. घरच्यांना लागेल का ही भीती नको, लाईम स्पर्शाने, खोकल्याने, एकत्र जेवल्याने लागत नाही.

"लाईमवर रामबाण" म्हणून विकले जाणारे अर्क, पावडरी, डिटॉक्स यांच्या नादी लागू नका, निदान गोळ्यांच्या ऐवजी तर मुळीच नाही.

९. हे दिसलं तर वाट बघू नका

- तोंड एका बाजूला वाकडं होणं, डोळा मिटत नसणं
- प्रचंड डोकेदुखी, मान ताठ, उजेड सहन न होणं
- छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखं वाटणं, चक्कर, भोवळ, धाप
- हातापायांत वीज गेल्यासारखी कळ, मुंग्या, बधिरपणा
- गुडघा किंवा दुसरा सांधा टम्म सुजणं
- अंगावर दुसरीकडेही नवीन चट्टे
- डॉक्सीवर असताना डोकेदुखीबरोबर अंधुक किंवा दोन दोन दिसणं

धडधड आणि भोवळ यांना विशेष गंभीर घ्या. लाईमचा जंतू हृदयाच्या वायरिंगमध्ये अडथळा आणू शकतो, ते जिवावर बेतू शकतं, पण वेळेत दवाखान्यात पोचलात तर बरं होतं. "थकव्यामुळे असेल" म्हणून झोपून राहू नका, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

१०. कोर्स संपल्यावर

चट्टा काही दिवसांत फिका पडायला लागतो, पूर्ण जायला एकदोन आठवडे किंवा थोडं जास्तही लागतं. सावळ्या कातडीवर मागे तपकिरी डाग बरेच दिवस रेंगाळतो, तो आजार नाही, नुसती खूण.

थकवा मात्र वेगळं प्रकरण आहे. माझ्या गोळ्या संपल्या आणि मला वाटलं उद्यापासून ठणठणीत, तर पुढचे पाच आठवडे दुपारी चार वाजले की अंगातलं त्राण जायचं. घाबरून मी डॉक्टरांकडे अजून एक कोर्स मागितला. त्यांनी नाही म्हटलं, तपासलं, आणि महिन्याने परत या म्हणाले. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की बहुतेक लोक पूर्ण बरे होतात पण वेळ लागतो, आणि साधारण ५ ते १० टक्के लोकांना थकवा, अंगदुखी, विचारांचा गोंधळ असा त्रास ६ महिन्यांहून जास्त राहतो. तो त्रास खरा असतो, मनाचा खेळ नव्हे. पण त्यासाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन पाहण्याचे नीट अभ्यास झालेत, त्यातून टिकाऊ फायदा दिसला नाही, उलट काही जणांना सलाईनच्या नळीतून गंभीर इन्फेक्शन झालं. म्हणून कोणी "क्रॉनिक लाईम" म्हणून वर्षभराचे डोस विकत असेल तर दूर राहा. त्रास राहिला तर डॉक्टरकडे परत जा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप अशी बाकीची कारणं तपासून घ्या, ती बरेचदा सापडतात आणि दुरुस्त होतात.

वहीत रोज एक आकडा लिहा, आज दहापैकी किती बरं वाटलं. मला रोज वाटायचं काहीच फरक नाही, पण पानं मागे उलटल्यावर तीनचे सहा झालेले दिसले.

११. परत होऊ शकतो, म्हणून

एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असं नाही. माणसांसाठीची एक लस पूर्वी निघाली होती, ती २००२ मध्ये बाजारातून काढून घेतली, त्यामुळे भिस्त रोजच्या सवयींवरच.

गवतात जाताना पायमोज्यांत पँट खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे चालणारी गोचीड दिसते. कातडीवर गोचीड दूर ठेवणारं डीट किंवा पिकारिडिनचं औषध, कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (हे कीटकनाशक, कातडीवर लावायचं नाही). पायवाटेच्या मधून चाला, कडेच्या उंच गवताला घासत नको. घरी आल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये १० मिनिटं कडक गरम हवेत फिरवा, नुसत्या धुण्याने गोचीड मरेलच असं नाही. दोन तासांच्या आत अंघोळ. आणि अंघोळीत हाताने चाचपा: काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, बेंबी, कंबरेचा पट्टा बसतो ती जागा, कानांच्या आत आणि मागे, केसांची मुळं. मुलांचे केस तुम्ही स्वतः विंचरून बघा. कुत्रा असेल तर त्यालाही तपासा, तो तुमच्या गादीवर झोपतो.